२ तास १३ मिनिटं

मावशीच्या फोनमधल्या एका नोंदीचा स्क्रीनशॉट मी जपून ठेवला आहे. इनकमिंग कॉल, सकाळी ११ वाजून ६ मिनिटं, कालावधी २ तास १३ मिनिटं. वर तिच्या बँकेचं नाव दिसतं. कार्डाच्या मागे छापलेला नंबर बघून ते नाव तिनेच सेव्ह केलं होतं, त्यामुळे फोन वाजला तेव्हा स्क्रीनवर बँकच दिसली. त्या एका फोनमध्ये मावशीच्या आयुष्यभराच्या बचतीतली निम्म्याहून जास्त रक्कम गेली.

मावशीने ३१ वर्षं ऑडिटमध्ये काढली. दुसऱ्यांच्या हिशेबातल्या चुका शोधणं हेच तिचं काम. आमच्याकडे आजही कुणाला कसला करार करायचा असला, कर्जाचा अर्ज भरायचा असला, तर कागद आधी मावशीच्या नजरेखालून जातात. हे सगळं तिच्या परवानगीने लिहिते आहे. मजकूर तिने वाचला आणि दोन ठिकाणच्या वेळा दुरुस्त करून दिल्या.

मी स्वतः नऊ वर्षं कॉल सेंटरमध्ये होते. त्यातली सहा वर्षं क्वालिटीत, म्हणजे एजंटांची रेकॉर्डिंग ऐकायची, त्यांना गुण द्यायचे, कुठे सुधारायचं ते शिकवायचं. मावशीने दोन दिवसांनी मला तो फोन आठवेल तसा, वाक्यावाक्याने सांगितला तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. तिकडचा माणूस जे करत होता त्यातल्या जवळजवळ प्रत्येक गोष्टीला आमच्या फॉर्ममध्ये एक रकाना होता. मी त्याला चांगले गुण दिले असते.

सुरुवात फोनच्या चार मिनिटं आधी झाली. ११ वाजून २ मिनिटांनी एक मेसेज आला: तुमच्या खात्यातून मोठी रक्कम पाठवण्याचा प्रयत्न झाला आहे, तो तुम्ही केला नसल्यास आमच्या सुरक्षा विभागाचा फोन येईल, कृपया घ्यावा. हा मेसेज बँकेच्या जुन्या, खऱ्या मेसेजच्या रांगेतच, त्यांच्याच खाली आला. फोन मेसेजची रांग लावतो ती पाठवणाऱ्याच्या नावावरून, आणि ते नाव खोटं लावता येतं. तीन वर्षांच्या अस्सल मेसेजच्या खाली येऊन बसलेला एक नकली मेसेज कुणाला वेगळा दिसणार? मावशी म्हणाली, "अगं, मी त्या फोनची वाट बघत होते. उशीर का करतायत म्हणून मला काळजी वाटत होती." अनोळखी माणसाचा फोन उचलताना आपण थोडे सावध असतो. वाट बघून आलेल्या फोनला ती सावधगिरी लागतच नाही.

फोनवर दिसणाऱ्या नंबरचंही तसंच. फोन करणाऱ्याने कोणता नंबर दाखवायचा हे ठरतं फोन निघतो त्या टोकाला, आणि इंटरनेटवरून फोन लावणाऱ्यांना तिथे हवा तो नंबर घालता येतो. अमेरिकेत मोठ्या टेलिफोन कंपन्यांना ३० जून २०२१ पर्यंत नंबरची खरीखोटी ओळख पटवणारी यंत्रणा बसवणं सक्तीचं केलं, तरीही असे फोन तिथे थांबलेले नाहीत. तेव्हा नंबर ओळखीचा आहे यावरून माणूस ओळखीचा ठरत नाही. मावशीला हे ठाऊक नव्हतं. खरं सांगायचं तर फोनच्याच धंद्यात नऊ वर्षं काढून मलाही ते नीट ठाऊक नव्हतं.

त्या माणसाने आधी मावशीचं पूर्ण नाव घेतलं. मग म्हणाला, "मॅडम, तुम्ही मला ओळखत नाही, त्यामुळे आधी मीच माझी खात्री पटवतो. तुमच्या कार्डाचे पहिले सहा आकडे वाचतो, तुम्ही कार्ड समोर ठेवून ताडून बघा." आकडे बरोबर निघाले. ते निघणारच होते. कार्डावरचे सुरुवातीचे सहा किंवा आठ आकडे कार्ड देणाऱ्या बँकेचे असतात, तिच्या हजारो खातेदारांच्या कार्डावर तेच. पण ताडून बघणं हा मावशीचा पिंड. त्याने तिला ताडून बघायला दिलं, तिने बघितलं, आणि तिच्या मनातली तपासणी तिथे पुरी झाली.

पुढचं वाक्य ऐकल्यावर मी तिला मध्येच थांबवून ते पुन्हा सांगायला लावलं. तो म्हणाला होता, "पिन मला सांगू नका. ओटीपी आला तर तोही सांगू नका. बँकेचा कोणताही माणूस तुम्हाला हे विचारणार नाही." सावधगिरीच्या सगळ्या जाहिराती मावशीला हेच सांगत आल्या होत्या. तेच वाक्य तो स्वतःहून बोलला. या क्षणापासून तो तिच्या बाजूचा माणूस झाला.

आणि त्याने शब्द पाळला. शेवटपर्यंत पिन विचारला नाही, ओटीपी विचारला नाही, लिंक पाठवली नाही, कुठलं अ‍ॅप टाकायला लावलं नाही. लोकांना शिकवलेले सगळे नियम मावशीने त्या दिवशी पाळले.

झालं ते असं. साधारण पंधराव्या मिनिटाला त्याने फोन "वरिष्ठांकडे" दिला. मध्ये होल्डचं संगीत वाजलं. आमच्याकडे ट्रान्सफर म्हणजे गुण कापण्याची जागा होती, कारण ग्राहक वैतागतो. इथे त्याचा उपयोग वेगळा होता. पहिल्या माणसाने दुसऱ्याला "सर" म्हटलं, मावशीची हकीकत थोडक्यात सांगितली, ती मावशीने ऐकली. आता शंका घ्यायची तर दोघांवर, आणि त्या दोघांच्या मागे उभ्या असलेल्या अख्ख्या विभागावर घ्यायची. वरिष्ठांचा आवाज शांत, जरा थकलेला. त्यांनी सांगितलं की तिच्या खात्याची माहिती आतूनच फुटलेली दिसते, शाखेतल्या कुणाचा तरी हात आहे, चौकशी चालू आहे, म्हणून शाखेत फोन करू नका. तोवर तुमच्या नावाने एक सुरक्षित खातं उघडलं आहे, पैसे तिकडे हलवून ठेवा. एकदम हलवले तर आतल्या माणसाला कळेल, म्हणून चार भागांत.

"आता स्क्रीनवर लाल अक्षरांत सूचना येईल की खातेदाराचं नाव जुळत नाही," वरिष्ठ म्हणाले. "खातं आत्ताच उघडल्यामुळे ती येते. ती आली की मला सांगा." सूचना आली. मावशीने सांगितलं. तिला थांबवण्यासाठी बँकेने लावलेली ती सूचना आता त्याच्या खरेपणाचा पुरावा झाली होती, कारण येणार म्हणून त्याने आधीच सांगितलं होतं. चारही वेळा ओटीपी मावशीनेच टाकला, कुणालाही न सांगता.

आता त्या दाराच्या घंटेबद्दल, कारण मावशी अजून तिथेच अडकलेली आहे. साधारण पाऊण तास झाल्यावर घंटी वाजली. पैसे अजून जायचे होते. ती म्हणाली, दारावर कुणीतरी आहे. तो म्हणाला, "जाऊन या ना मॅडम, सावकाश जा. मी लाइनवरच आहे, फोन फक्त हातात राहू द्या." दारात शेजारच्या काकू होत्या, चुकून त्यांच्याकडे आलेलं पत्र द्यायला. त्या म्हणाल्या, काय गं, चेहरा का असा? मावशीच्या हातात फोन, फोनमध्ये तो. तिने "नंतर बोलते" म्हणून दार लावलं. अर्धा मिनिटसुद्धा लागला नसेल. फोन आत टेबलावर असता तर काकूंना तिने सांगितलं असतं, आणि बोलताबोलता तिचं तिलाच ऐकू आलं असतं की आपण काय करतो आहोत.

कॉल सेंटरमध्ये दोन शब्द पहिल्या आठवड्यात शिकवतात. एक "डेड एअर", म्हणजे फोनवरची शांतता. ती पडू द्यायची नाही. काहीतरी बोला, काय करताय ते सांगा, टायपिंगचा आवाज जाऊ द्या, पण समोरच्याला रिकामं सोडू नका. दुसरा "कॉल कंट्रोल". बोलणं कुठे न्यायचं हे तुम्ही ठरवा. हे मी शेकडो मुलामुलींना शिकवलं, आणि चांगल्यासाठीच शिकवलं, म्हणजे गोंधळलेल्या ग्राहकाला आधार वाटावा. त्या माणसाने २ तास १३ मिनिटांत मावशीला एकदाही स्वतःशी एकटं राहू दिलं नाही. प्रश्न, सूचना, धीर, पुन्हा प्रश्न. "पाणी प्यायलात का?" हेसुद्धा विचारलं. माझ्या मते त्या फोनवरचं सर्वांत मोठं खोटं सुरक्षित खात्याचं नव्हतं. फोन चालू राहिलाच पाहिजे, हे सर्वांत मोठं खोटं होतं. बाकी सगळं त्याच्या आधारावर उभं होतं.

मागाहून मी वाचायला लागले. केंब्रिज विद्यापीठात संगणकसुरक्षेचा अभ्यास करणारे फ्रँक स्टाजानो यांनी पॉल विल्सन यांच्यासोबत २००९ मध्ये फसवणुकीच्या मुळाशी असलेली सात तत्त्वं मांडली. त्यात लक्ष गुंतवून ठेवणं हे एक आणि वेळेचा दबाव हे दुसरं. लक्ष एका गोष्टीवर खिळलं की माणसाला बाकीचं दिसत नाही, आणि घाई असली की तो विचार करण्याऐवजी सवयीने वागतो. यात बुद्धीचा संबंध फार कमी. २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या शार्लट काउल्स या पत्रकाराने स्वतःवर गुदरलेला प्रसंग जाहीरपणे लिहिला. पैशांविषयी सल्ला देणारा स्तंभ लिहिणारी बाई. तासन्‌तास चाललेल्या फोनच्या शेवटी तिने ५०,००० डॉलर रोख बुटांच्या खोक्यात भरून एका अनोळखी गाडीत ठेवले. तिनेही फोन ठेवला नव्हता. ठेवू दिला गेला नव्हता.

या नजरेने बघायला लागल्यावर बाकीचे प्रकारही मला एकाच घरचे दिसायला लागले. तुमच्या नावाचं पार्सल पकडलं आहे, त्यात भलतंच काही सापडलं, आता व्हिडिओवर या आणि कॅमेरा बंद करू नका, घरात कुणाला सांगू नका: इथेही माणसाला लाइनवर अडकवणं आहे, फक्त गणवेश घालून. "आई, माझा फोन बिघडला, हा माझा नवा नंबर, तातडीने पैसे हवेत" असा मेसेज येतो तेव्हा आवाज ऐकायची सोयच काढून घेतलेली असते. आणि आता आवाज ऐकूनही भागत नाही. हाँगकाँगच्या पोलिसांनी २०२४ च्या सुरुवातीला एक प्रकरण उघड केलं: कंपनीतल्या कर्मचाऱ्याला व्हिडिओ बैठकीत ओळखीचे वरिष्ठ दिसले, बोलले, आणि त्याने २० कोटी हाँगकाँग डॉलर पाठवून दिले. ते चेहरे आणि आवाज यंत्राने बनवलेले होते.

संगणक दुरुस्त करून देतो, पैसे परत करतो म्हणणाऱ्यांची एक युक्ती मला विशेष क्रूर वाटते. स्क्रीन हातात घेतात, तुमच्या बँकेचं पान तुमच्याच डोळ्यांसमोर उघडतात आणि ब्राउझरमध्ये त्या पानावरचा आकडा बदलतात. खात्यात काहीच आलेलं नसतं, पण दिसतं असं की चुकून दसपट रक्कम जमा झाली. मग समोरचा रडकुंडीला येतो: माझी नोकरी जाईल हो, जास्तीचे परत पाठवा. इथे लोभ कुठेच नाही. प्रामाणिक माणूसच यात सापडतो, कारण दुसऱ्याचे पैसे त्याला ठेवून घ्यायचे नसतात.

गुंतवणुकीच्या आणि प्रेमाच्या सापळ्यात घाई नसते, तिथे महिनोन्‌महिने जातात. रोज सकाळी चौकशी, रात्री निरोप. मध्ये एकदा थोडे पैसे काढूनही देतात, म्हणजे खातं खरं आहे असं वाटतं. हा खेळ फार जुना आहे. एकोणिसाव्या शतकात "स्पेनमधल्या कैद्याची" पत्रं जायची: एक श्रीमंत गृहस्थ तुरुंगात आहे, थोडी मदत करा, सुटला की संपत्तीतला वाटा तुमचा. त्याचाच पुढचा अवतार म्हणजे वारसाहक्काचे ईमेल. इतके बावळट ईमेल का पाठवतात याचं उत्तर मायक्रोसॉफ्टमधले संशोधक कॉर्मॅक हर्ली यांनी २०१२ मध्ये दिलं: शंकेखोर माणूस पहिल्याच ओळीला गळून जावा आणि पुढची मेहनत वाया जाऊ नये, म्हणून. मात्र मावशीला आलेला फोन अगदी उलट्या जातीचा. तो शंकेखोर माणसासाठीच घडवलेला होता.

पलीकडच्या माणसाबद्दल मला जे वाटतं ते सांगणं अवघड आहे. त्याचा राग येतो, रात्री झोप येत नाही इतका. पण ऑगस्ट २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाचा अहवाल आला. म्यानमारमध्ये किमान १,२०,००० आणि कंबोडियात सुमारे १,००,००० माणसं अशा ऑनलाइन फसवणुकीच्या कामाला जबरदस्तीने जुंपलेली असू शकतात, असा त्यात अंदाज आहे. नोकरीच्या जाहिराती बघून गेलेले, पासपोर्ट काढून घेतलेले, मार खाणारे. ते वाचल्यावर मला आमचा फ्लोअर आठवला. हेडफोन लावलेल्या मुलांच्या रांगा, समोर टार्गेटचा फळा. मावशीला फोन करणारा तसा अडकलेला होता का, हे मला कधीच कळणार नाही.

आता माझी चूक. मावशीने सांगून झाल्यावर मी पहिलं वाक्य काय बोलले? "पण मावशी, तुला कळलं कसं नाही?" ती काहीच बोलली नाही. पुढे तीन आठवड्यांनी तिला आणखी एक फोन आला. बुडालेले पैसे मिळवून देणाऱ्या संस्थेकडून बोलतो आहोत, तुमची रक्कम सापडली आहे, प्रक्रियेचं शुल्क भरा. एकदा फसलेल्या लोकांच्या याद्या विकल्या जातात, आणि दुसरा घाव घालणारे त्याच याद्या विकत घेतात. मावशीने शुल्क भरलं. मला विचारलं नाही. मी जवळच राहते, रोज बोलतो आम्ही. नंतर म्हणाली, "तू पुन्हा तसं विचारलं असतंस." दुसऱ्यांदा गेलेले पैसे थोडे होते, पण ते माझ्या त्या वाक्यामुळे गेले, असं मी मानते.

पहिल्या वेळीही लाजेने घात केलाच होता. दुपारी सव्वा-दीडलाच, फोन ठेवल्यावर काही मिनिटांत, तिला चुकचुकायला लागलं होतं. पण कुणाला सांगायचं, काय सांगायचं, यात ती संध्याकाळ गेली, रात्र गेली. असे पैसे एका खात्यातून दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात भराभर पुढे जातात. भाड्याने घेतलेली खाती असतात ती. सकाळी बँकेला कळवलं तोवर पहिल्या खात्यात काहीच उरलं नव्हतं. म्हणून कळवळून सांगते, चुकचुकलं त्या मिनिटाला बँकेला कळवा, मग पोलिसांना. घरच्यांना समजावत बसणं नंतर.

बँकेचं उत्तर होतं की व्यवहार खातेदाराने स्वतः केले आहेत. कागदावर ते खरंच आहे. ब्रिटनमध्ये ७ ऑक्टोबर २०२४ पासून नियम बदलला. अशा रीतीने फसून देशांतर्गत पाठवलेले पैसे ठरावीक मर्यादेपर्यंत बँकांना भरून द्यावे लागतात, आणि तो भार पाठवणारी व घेणारी अशा दोन्ही बाजूंच्या बँकांवर निम्मा निम्मा असतो. मला हे न्याय्य वाटतं. चोराच्या खात्याला दार उघडून देणारीही एक बँकच असते. तिला काही किंमत मोजावी लागेल तेव्हा ती दारावर नीट लक्ष देईल.

घरी आम्ही आता एकच गोष्ट शिकलो आहोत आणि तिची तालीम केली आहे. हो, तालीम, नाटकाची करतात तशी. मी फोन करायचा, काहीही सांगायचं, धमकी द्यायची, रडायचं, आणि मावशीने मध्येच तोडून म्हणायचं, "ठेवते. मीच करते परत." समोरचा बोलत असताना फोन ठेवणं तिला पहिल्यांदा जमेना. आयुष्यभर कुणाचं बोलणं अर्धवट तोडलेलं नाही तिने. चौथ्या-पाचव्या वेळेला जमलं. परत फोन करायचा तो कार्डावरचा नंबर स्वतः दाबून, आणि जमल्यास दुसऱ्या फोनवरून. काही देशांत लँडलाइनवर ऐकणाऱ्याने रिसीव्हर ठेवला तरी करणाऱ्याने ठेवेपर्यंत लाइन तुटत नसे. चोर पलीकडून डायल टोनची नक्कल वाजवायचे, आणि माणूस बँकेला फोन लावतो आहे असं समजून पुन्हा त्यांच्याशीच बोलायचा. घरातल्यांसाठी एक खुणेचा शब्दही ठरवला आहे. तो इथे लिहीत नाही.

गेल्या मंगळवारी मी ऑफिसच्या नंबरवरून मावशीला फोन केला. माझ्या मोबाइलची बॅटरी उतरली होती, तो चार्जिंगला लावला होता. तिचे चष्म्याचे रिपोर्ट कुठे ठेवलेत एवढंच विचारायचं होतं. "मावशी, मी बोलते गं," म्हटलं. पुढचा शब्द तोंडातून निघायच्या आत ती म्हणाली, "ठेवते. मीच करते परत." फोन बंद. काही सेकंदांत टेबलावरचा माझा मोबाइल वाजला.

"आत्ता तूच केला होतास?"

"हो."

"बरं. मग बोल."